चिकूला मारू नकोस

सहकारनगर, पुणे
१४ जुलै

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास की चिकू मुद्दाम गालिच्यावर शू करतो, म्हणून तू त्याचे नाक त्या ओल्या जागेवर घासलेस. ते ऐकल्यापासून मला चैन नाही, आणि फोनवर आपण दोघेही लवकर तापतो, म्हणून लिहून कळवते आहे. कुत्र्याच्या अडीच महिन्यांच्या पिल्लाला मुद्दाम काही करणे ठाऊकच नसते. त्याला दिवसा जेमतेम तीन तास लघवी धरता येते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर किंवा खेळून झाल्यावर तर तेवढीही धरवत नाही.

सदाशिव पेठेतल्या वाड्यातला आपला मोती तुला अंधुक आठवत असेल. तो लहान असताना त्याने स्वयंपाकघरात शी केली, म्हणून मी त्याला वर्तमानपत्राच्या सुरळीने मारले होते. त्यातून तो एवढेच शिकला की माझ्यादेखत शी करणे धोक्याचे आहे. पुढे कित्येक दिवस तो कोठीच्या खोलीत ज्वारीच्या डब्यामागे गुपचूप बसे, आणि मी दिसले की कान पाडून जमिनीला चिकटे. त्याची ती नजर मला आजही टोचते. मारणे सोडून मी दर खाण्यानंतर त्याला अंगणात नेऊन त्याच्याजवळ उभी राहू लागले, तेव्हा कुठे तो हळूहळू सुधारला.

वाड्यात दार उघडले की अंगण होते. तुझ्याकडे पाचवा मजला आहे आणि लिफ्ट येईपर्यंत पिल्लू थांबणार नाही. शिवाय चिकूचे लसीचे सगळे डोस व्हायचे आहेत, ते साधारण सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत चालतात, आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे मोकाट कुत्री फिरतात त्या जागी त्याला इतक्यात खाली सोडूच नकोस. तूर्त बाल्कनीच्या एका कोपऱ्यात, पावसाची झड येणार नाही अशा बेताने, पसरट ट्रेमध्ये हिरवळीचा तुकडा ठेव. खेळता खेळता तो एकाएकी थांबला, नाक फरशीला लावून हुंगत एकाच जागी गोल फिरू लागला, की हातातले काम टाकून त्याला उचल आणि तिथे ने. जागा रोज तीच, आणि तिथे नेल्यावर उच्चारायचा शब्दही तोच. त्याचे उरकताक्षणी, तिथेच, शाबासकी आणि खाऊचा एक तुकडा दे. घरात येऊन बरणी उघडेपर्यंत तो खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगणार नाही. रागावण्याचेही तसेच आहे. तू ऑफिसातून आल्यावर दुपारच्या डागाबद्दल ओरडलास, तर त्याला फक्त तुझ्या येण्याची भीती बसेल.

फिनाईलने आपल्या नाकाला वास येईनासा होतो, त्याच्या नाकाला येतच राहतो आणि तो पुन्हा तिथेच बसतो. त्यापेक्षा प्राण्यांच्या दुकानातून लघवीचा वास मुळातूनच घालवणारा एन्झाइमवाला क्लीनर आण. रात्री निजण्यापूर्वी त्याला एकदा ट्रेपाशी ने आणि काही आठवडे दोन-अडीचचा गजर लाव. तू दारात आल्यावर तो आनंदाने थेंब थेंब शू करतो, त्याकडे लक्ष देऊ नकोस; वयानुसार ते बहुधा कमी होते. मात्र एरवी तो वारंवार आणि थोडी थोडीच शू करू लागला, तर उशीर न करता डॉक्टरांना दाखव, कारण मूत्रमार्गाला संसर्ग झाला असेल तर शिकवून काही उपयोग होणार नाही.

तुझे ऑफिस सुटेपर्यंत आठ-नऊ तास त्याने एकट्याने थांबावे ही अपेक्षाच चुकीची आहे. सोमवारपासून मी रोज दुपारी बाराच्या सुमारास येईन आणि चारला निघेन. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेव, आणि गालिचा आजच गुंडाळून माळ्यावर टाक.

तुझी,
आई