तुर्कस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांस खुले पत्र : मुर्तेदच्या तळावरचं सामान

मा. हाकान फिदान,
परराष्ट्रमंत्री, तुर्कस्तान

महोदय,

मी पुण्याचा. मे २०२५ मध्ये इथल्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुमची सफरचंदं घेणं बंद केलं. कारण तुम्हाला ठाऊक आहे: भारत-पाक संघर्षात तुम्ही पाकिस्तानची बाजू घेतलीत. हे पत्र मात्र त्या रागातून नाही. पाश्चिमात्य मित्रांशी तुमचा जो रुसव्याफुगव्यांचा संसार चालला आहे, त्याबद्दल आहे.

तुमची तक्रार खरी आहे. १९५२ साली नाटो या पाश्चिमात्य लष्करी आघाडीत आलात, त्याआधीच तुमचे जवान कोरियात लढत होते. आणि दहा वर्षांनी? क्युबाच्या क्षेपणास्त्र-पेचात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी तुमच्या इझमीरजवळची अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना गुपचूप कबूल केलं. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. १९६४ मध्ये सायप्रसवरून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचं पत्र आलं. तिथे फौजा घेऊन उतरलात आणि सोव्हिएत रशिया अंगावर आला, तर नाटो धावून येईलच असं समजू नका, असा त्याचा मथितार्थ. असली पत्रं कोणी विसरत नाही. युरोपीय संघाचं तर विचारूच नका. २००५ मध्ये सदस्यत्वाची बोलणी सुरू झाली, तुम्ही अजून ओसरीवरच.

पण जुन्या अपमानाची वसुली अशी करायची? जुलै २०१९ मध्ये रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा अंकाराजवळच्या मुर्तेदच्या हवाई तळावर उतरली आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून तुमचं नाव कटलं. ज्या विमानाचे सुटे भाग तुमचेच कारखाने बनवत होते, तेच हातचं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये वर अमेरिकेचे निर्बंध. एस-४०० आम्हीही घेतली आणि आम्हाला ते लागले नाहीत, हे तुम्हाला खुपत असेल. मात्र आम्ही नाटोच्या छत्रीखाली उभे नाही. छत्री त्यांची धरायची आणि पावसाचा अंदाज मॉस्कोला विचारायचा, हे कसं जमावं?

स्वीडनच्या नाटो प्रवेशाचंही तेच. वीस महिने अडवलंत, २३ जानेवारी २०२४ ला संसदेची मंजुरी दिलीत आणि तीन दिवसांत अमेरिकेने तुम्हाला एफ-१६ लढाऊ विमानं विकायचा सौदा पुढे सरकवला. घासाघीस जमली, कबूल. त्यापेक्षा २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर माँत्रो कराराच्या आधारे काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या तुमच्या सामुद्रधुन्या युद्धनौकांना बंद केल्यात, तेव्हा तुमचं वजन जास्त वाढलं. त्याला सौदा लागला नव्हता.

आता एफ-३५ पुन्हा हवं, असं तुमचे राष्ट्राध्यक्ष सांगतात. मग एवढं तुमच्या संसदेत सांगून टाका: त्या एस-४०० ने आजवर नेमकं कोणापासून राखण केली?

आपला,
पुण्यातला एक वाचक