रविवारी ‘अयोध्येचा राजा’: सभासदांना आठवण

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी संध्याकाळी ५.३० वाजता नेहमीच्या सभागृहात आपण अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्यावर बोलणार आहोत. आधी ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) दाखवला जाईल. प्रभात फिल्म कंपनीचा हा पहिला बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. पार्श्वगायन तेव्हा रुळलेलं नव्हतं, त्यामुळे पडद्यावरच्या तारामतीची (राजा हरिश्चंद्राच्या राणीची) गाणी दुर्गाबाईंनी स्वतःच म्हटली आहेत. ध्वनिमुद्रण जुनं आहे, थोडं कान देऊन ऐकावं लागेल, पण ऐकाच.

सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या बाईनं सिनेमात काम करणं त्या काळी लोकांना खपत नसे. सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या दुर्गाबाई आर्थिक अडचणीतून या क्षेत्रात आल्या आणि पाय रोवून उभ्या राहिल्या. ‘अमरज्योती’तली (१९३६) त्यांची सौदामिनी सूड घेणारी, जहाजावर हुकूम चालवणारी बाई आहे. माझ्या मते त्यांची सर्वांत धाडसी भूमिका हीच. अनेकांना त्या फक्त ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई म्हणून आठवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र ज्यांच्याकडे असेल त्यांनी सोबत आणावं, त्यातली काही पानं वाचायची आहेत. चित्रपट वेळेवर सुरू होईल, कृपया दहा मिनिटं आधी या. घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून आणा. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर नाव कळवावं, म्हणजे चहाची व्यवस्था करता येईल.