आई-बाबांना, कासारवडवलीहून

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मालिका संपल्यावर मी नक्की काय करते असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही. शिवाय तुम्ही कानाचं यंत्र न लावता फोन घेता, म्हणजे मी ओरडून सांगितलेलं इथल्या शेजारच्या वहिनींना आधी कळतं. म्हणून पत्र.

आधी पैशांचं सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. आमच्याकडे भाग दाखवल्यावर साधारण ९० दिवसांनी पैसे हातात पडतात, त्यामुळे मालिका बंद झाली तरी काही काळ खात्यात भर पडत राहते. भाडं वेळेवर जातंय. बी.एड.चं तुम्ही सुचवलंत त्यावर मी खरंच विचार केला, पण नको.

मालिकेने मला पोटापाण्याला लावलं, हात चालता केला, हे मी विसरत नाही. आठवड्याला सहा भाग जायचे म्हटल्यावर कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी असते. मी तिसरी. संध्याकाळी पटकथा यायची आणि सकाळी नट मेकअपला बसले की त्यांच्या हातात संवादाची पानं हवीत. बाहेर शूटिंग म्हणजे खर्च आणि खोळंबा, म्हणून सगळा संसार दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि एका बेडरूममध्ये. आई, तू भाकऱ्या थापताना मालिका कानांनी बघतेस ना, तशा लाखो जणी बघतात. म्हणून महत्त्वाची गोष्ट तीनदा बोलायची: घडताना एकदा, जावेला सांगताना एकदा आणि रात्री देवासमोर एकदा. तू हसशील, पण देवघराचा सीन त्यासाठीच असतो! यात एक खोड मात्र लागते. पात्राच्या मनात जे जे आहे ते सगळं त्याच्या तोंडून यायला लागतं.

ही खोड मोडायला ऑडिओ मालिका कामी आली. आमच्या मालिकेची पटकथा लिहिणारी ताई आता तिकडे आहे, तिने बोलावलं. पूर्वी आकाशवाणीवर श्रुतिका लागायच्या, त्याच घराण्यातली ही. फक्त आता लोक लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकतात. मला वाटलं होतं, संवादच तर लिहायचेत, त्यात काय! पहिला खर्डा परत आला तेव्हा जिथे जिथे मी ‘मान हलवते’ लिहिलं होतं तिथे तिथे लाल गोल होता. मान हललेली ऐकू कशी येणार? टीव्हीवर गप्प बसलेला माणूस निदान दिसत असतो. ऑडिओत तो जरा वेळ बोलला नाही की ऐकणाऱ्याच्या लेखी खोलीतून उठून गेला. त्याला बसवून ठेवायचं तर त्याच्या हातात अडकित्ता द्यावा लागतो. मधूनमधून सुपारी कातरल्याचा आवाज आला की म्हातारा ऐकतोय हे कळतं, आणि मध्येच तो आवाज थांबला की त्याला काय लागलं तेही कळतं. एका सीनमध्ये तीन-चारपेक्षा जास्त आवाज नकोत, आणि त्यातले दोन सारख्या वयाचे तर मुळीच नकोत. हे कुठल्या पुस्तकात वाचून नसतं आलं.

बाबा, मागे रात्री उशिरा फोन करून मी तुम्हाला विचारलं होतं की शेवटची गाडी लेट असली की स्टँडवर काय घोषणा करायचात. तुम्ही घोषणा सांगितलीतच, पण तिच्या आधीचंही सांगितलंत: माइकवर बोटाने दोनदा टकटक, मग खाकरणं, मग ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’. मी ते तसंच घेतलं. ‘रात्रीची वेळ, एस.टी. स्टँड’ हे आता कुणाला बोलावंच लागत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी नट दोन-तीन प्रकारे खाकरला, एकही तुमच्यासारखा नव्हता, पण चालून गेलं.

आणि आई, तुझं तर नाव द्यायला हवं होतं. त्याच सीनमध्ये आई मुलाला मुंबईच्या गाडीत बसवून देते. मी तिच्या तोंडी ‘काळजी घे हं, जपून राहा’ असं लिहिलेलं. तुला वाचून दाखवलं तर तू म्हणालीस, “गाडीत बसवताना असं कोण बोलतं गो? सुटे पैसे आहेत ना, विचारतात.” मी जुनी ओळ खोडली आणि तुझी लिहिली. रेकॉर्डिंग झाल्यावर काचेपलीकडे बसलेला साउंडवाला मुलगा, जो एरवी आपल्या मोबाइलमधून डोकं वर काढत नाही, मला म्हणाला, मी आज घरी फोन करतो. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, राहून गेलं.

मोबाइल उभा धरून बघायच्या छोट्या मालिकाही लिहितेय. एक-दीड मिनिटाचा भाग, सुरुवातीचे फुकट, आणि गोष्टीत अडकलात की पैसे. तुम्हाला अजिबात आवडणार नाहीत, मलाही निम्म्या आवडत नाहीत. दर भागाला कुणीतरी थोबाडीत खातं. पण उभ्या चौकटीत दोन माणसं शेजारी शेजारी नीट मावत नाहीत, एकाचाच चेहरा राहतो. मग तो चेहरा बोलणाऱ्याचा दाखवायचा की ऐकणाऱ्याचा, हे मलाच लिहिताना ठरवावं लागतं. टीव्हीला तीन कॅमेरे लावलेले असायचे, एडिटर बघून घ्यायचा.

एकांकिकेचं अजून कशात काही नाही. नौपाड्यातल्या कॉलेजच्या पोरांसाठी लिहितेय, तालमीत रोज शेवट बदलतोय. मालिकेत ‘कट टू’ लिहिलं की माणूस दुसऱ्या गावात पोचतो. इथे त्याला स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालत जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी करायचं काय?

तुम्हाला वाटतं मी इथे एकटी खोलीत बसून असते. तसं नाही. रविवारी सकाळी आम्ही लिहिणारे चार-पाच जण तलावपाळीला जमतो, गडकरी रंगायतनच्या बाजूला. एक डोंबिवलीहून येतो, एक कळव्याची. लिहिलेलं एकाने आणायचं, पण वाचायचं दुसऱ्याने. दुसरा अडखळला की ते वाक्य बदलायचं, वाद घालायचा नाही. कुठे काय काम निघालंय तेही तिथेच कळतं. खरं सांगायचं तर मालिकेच्या धबडग्यात मी या कुणालाच भेटत नव्हते, तुमचे फोनसुद्धा सेटवरून उरकायचे. आता तुमच्याशी होतं तितकं बोलणं तेव्हा कधी झालं नाही. बाकीचं शिक्षण टी.एम.टी.च्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या बसमध्ये. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडवर गाडी कासारवडवलीहून स्टेशनला कधी पोचेल याचा नेम नाही, आणि तेवढ्या वेळात माणसं फोनवर जे बोलतात आणि जे मुद्दाम गाळतात, ते ऐकत बसते.

बाबा, ‘तुझी गोष्ट कुणी ढापली तर’ ही तुमची नेहमीची काळजी. अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन म्हणून लेखकांची संघटना आहे. तिथे सभासदाला आपली पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. मी माझी नोंदवलीय. शिक्का-तारखेवाचून तुमचा जीव खाली पडत नाही हे ठाऊक आहे, म्हणून कागद छापून सोबत पाठवतेय. तुमच्या त्या निळ्या फाइलीत लावून टाका.

आता कोपऱ्यावरच्या काकूंना काय सांगायचं ते. ‘काम सुटलं’ असं सांगू नका आणि ‘वेब सिरीज लिहिते’ असंही नको, कारण अजून मिळालेली नाही. ‘रेडिओसारखं काहीतरी लिहिते’ म्हणा, त्यांना पटेल.

दिवाळीनंतर मांडवी एक्सप्रेसने ठाण्याला या, मी फलाटावर येते. बाबांचं यंत्र कपाटातून काढून घेऊन या. इथे तपासून, नीट बसवून घेऊ आणि मग ऑडिओचे सगळे भाग तुम्हाला सलग ऐकवते. आईच्या गुडघ्यासाठीही डॉक्टर बघून ठेवलेत, जिने नाहीत, लिफ्ट आहे.

आणि बाबा, एक काम. पुढच्या भागात कुंभार्ली घाटात रात्री गाडी बंद पडते. गोष्ट १९९३ सालची आहे, मोबाइल नाहीत. अशा वेळी डेपोत कळायचं कसं? ड्रायव्हर गाडी सोडून जायचा की कंडक्टर? येणाऱ्या ट्रकवाल्याकडे चिठ्ठी द्यायचे का? प्रवासी तोवर काय करायचे, आणि पहिला चिडायचा कोण? फोनवर नको, कागदावर सविस्तर लिहून पाठवा. पुढच्या आठवड्यात खर्डा द्यायचा आहे.

तुमची,
मनू