आकाशातून पडणारी मदत

महोदय,

गाझातील उपासमारीवरील आपल्या अग्रलेखात विमानांतून टाकल्या जाणाऱ्या अन्नाला 'दिलासा' म्हटले आहे. हा शब्द पटला नाही.

२ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या तीन लष्करी विमानांनी तेथे सुमारे ३८ हजार जेवणांची पाकिटे टाकली. खाणारी तोंडे वीस लाखांच्या वर, तीही गोव्याच्या एक दशांश जागेत कोंडलेली. तेवढे सामान दोन-तीन मालट्रकांत मावले असते. युद्धापूर्वी दिवसाला सरासरी ५०० ट्रक आत जात.

ट्रक गोदामापर्यंत पोचतो, यादीनुसार कुटुंबामागे पिठाचे पोते देता येते. आकाशातून सोडलेल्या पेटीला यादी नसते. वारा फिरला की ती समुद्रात जाते. जमिनीवर पडली तर धावू शकणारा धडधाकट माणूस ती उचलतो, म्हातारी आणि लेकुरवाळी मागे राहतात. त्याच महिन्यात पॅराशूट न उघडल्याने खाली उभी असलेली माणसे दगावल्याच्याही बातम्या होत्या. शिवाय बेकरीची भट्टी आणि खारे पाणी गोडे करणारे संयंत्र चालवायला लागणारे डिझेल असे टाकता येत नाही. पीठ मिळाले तरी भाकरी कशावर भाजायची?

याच अमेरिकेने त्याआधी जेमतेम दीड आठवडा, २० फेब्रुवारीला, सुरक्षा परिषदेत तात्काळ युद्धबंदीचा ठराव नकाराधिकार वापरून पाडला होता. बाजूने १३ मते होती. ब्रिटन तटस्थ राहिले. अग्रलेखात या मतदानाचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, फोंडा