धान विकायच्या आधी

नागपूर

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

धानाची चुरणी आटोपल्याचं दादा बोलला. फोनवर धान कुठं विकायचं हा विषय काढला की बाबा, तुम्ही टाळता, म्हणून लिहून पाठवते.

शेतकऱ्याला भाव कळत नाही असं इथं लोक बोलतात, तेव्हा मला राग येतो. इथल्या कळमना बाजाराचा भाव तुम्हाला माझ्याआधी माहीत असतो. तरी धान गावातच जातं, कारण खत-औषधाची उधारी त्याच व्यापाऱ्याकडे. जूनमध्ये त्यानं माल दिला तेव्हाच नोव्हेंबरचा भाव त्याच्या हातात गेला. त्यात आपले कट्टे थोडे. तेवढ्यासाठी मौद्याहून कळमन्याला गाडी करा, हमाली-तोलाई द्या, आणि लिलाव पडेल त्या भावात सोडून या, कारण परतीचं भाडं परवडत नाही. गावचा माणूस दारातून उचलतो, रोख देतो. तुमच्या गुडघ्यांकडे पाहिलं तर त्यात चूक काय?

पण यंदा, 2025-26 ला, साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. व्यापारी काय देतो ते तुमच्या वहीत आहेच. तो मिळायला सरकारी खरेदी केंद्रावर सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार जोडलेलं खातं लागतं. ओलावा 17 टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणून धानाला आणखी ऊन द्या. चुकारे उशिरा येतात ही आईची भीती खरी आहे. घरखर्च तोवर मी पाठवते.

आणि उधारीचा आकडा सांगा, बाबा. ती मी फेडते. लेकीचा पैसा घ्यायचा नाही असं म्हणू नका. मला शिकवताना तुम्ही हिशेब ठेवला नव्हता. ती फिटल्याशिवाय कोणताही हमीभाव आपल्या कामाचा नाही.

धुऱ्यावरची तूर निघेल तेव्हा सगळ्यांचीच निघते आणि भाव खाली येतो. घरी ठेवली तर भुंगा लागतो. शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, व्याज 6 टक्के. आपल्याकडे यंदा ती चालू आहे का, दादाला विचारून यायला सांगा. शेजारच्या दोघा-तिघांची तूर मिळून एक गाडी सहज भरेल.

आई, बियाण्याचं आणि खायचं धान आधी बाजूला काढ. व्यापारी आला तर रविवारपर्यंत थांबायला सांगा, मी शनिवारी येते.

तुमची,
छोटी