हिशेब तपासणारा मंत्री

संपादक महोदय,

सुरेश प्रभू यांचे नाव निघाले की बहुतेकांना ट्विटरवरून प्रवाशांच्या तक्रारींची दखल घेणारे रेल्वेमंत्री आठवतात. ती आठवण खरी असली तरी त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप तेवढ्यावरच करणे मला अन्यायाचे वाटते. कायद्याची पदवी असलेल्या या सनदी लेखापालाचे मोलाचे काम कायद्याच्या कलमांत आणि जमाखर्चाच्या पद्धतीत आहे.

राजापूरमधून १९९६ पासून सलग चार वेळा लोकसभेवर निवडून गेलेले प्रभू २००० साली वाजपेयी मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री झाले, तेव्हा बहुतेक राज्यांची वीज मंडळे तोट्यात रुतली होती. १९१०, १९४८ आणि १९९८ चे तीन कायदे एकत्र आणणारे वीज विधेयक ऑगस्ट २००१ मध्ये लोकसभेत मांडले गेले ते त्यांच्याच कारकिर्दीत. औष्णिक वीजनिर्मितीला परवान्याची अट नको, मंडळांची पुनर्रचना व्हावी आणि दर मंत्र्यांनी नव्हे तर नियामक आयोगाने ठरवावेत, हा त्याचा गाभा होता. विधेयक संसदीय समितीपुढे असतानाच, ऑगस्ट २००२ मध्ये, त्यांच्या पक्षाच्या, म्हणजे शिवसेनेच्या, सांगण्यावरून त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. पुढच्या वर्षी कायदा झाला तेव्हा ते त्या खुर्चीवर नव्हते. आपल्या राज्य वीज मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या झाल्या, त्या याच कायद्यामुळे. वितरणातली गळती कायद्याने थांबली नाही हे मान्य. पण दरवाढीचा प्रस्ताव आज जाहीर सुनावणीत मांडावा लागतो आणि सामान्य ग्राहकाला तिथे हरकत घेता येते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

रेल्वेतही त्यांनी हाच मार्ग धरला. फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पात प्रभूंनी एकही नवी गाडी जाहीर केली नाही. आहेत त्याच मार्गांवर गाड्यांची कोंडी झालेली असताना टाळ्यांसाठी आणखी गाड्या न सोडणे याला मी धैर्य म्हणतो. त्याऐवजी पाच वर्षांत ८ लाख ५६ हजार कोटींच्या गुंतवणुकीचा आराखडा त्यांनी मांडला, रोखीच्या हिशेबाऐवजी उपार्जित लेखापद्धतीकडे (पैसे हाती येवोत-जावोत केव्हाही, उत्पन्न आणि खर्च ज्या काळाचा त्याच काळात नोंदण्याच्या पद्धतीकडे) वळण्याचे काम हाती घेतले आणि १९२४ पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ पासून सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन होऊ दिला. स्वतःच्या खात्याचा मानाचा दिवस सोडायला तयार झालेला मंत्री विरळाच.

उणिवा लपवू नयेत. २०१६-१७ मध्ये रेल्वेला शंभर रुपये कमावण्यासाठी सुमारे साडेशहाण्णव रुपये खर्चावे लागले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये खतौलीजवळ उत्कल एक्स्प्रेस घसरून प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच आणखी एक गाडी घसरली. प्रभूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारली आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडचे रेल्वे खाते गेले. रुळांच्या देखभालीवरचा खर्च त्याआधीच वाढायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडणुका आल्या की आपल्या वृत्तपत्रात उमेदवारांची संपत्ती आणि गुन्ह्यांची माहिती छापून येते. तिच्याच शेजारी प्रत्येक माजी मंत्र्याने कोणती विधेयके मांडली आणि त्यांचे पुढे काय झाले, याचाही तक्ता द्यावा, ही विनंती.

– एक नियमित वाचक