अकोल्याच्या मामाचं प्रकरण

चँडलर, ॲरिझोना
२७ एप्रिल

प्रिय विन्या,

तुझे दोन व्हॉइस मेसेज आले आणि एकालाही उत्तर दिलं नाही, कबूल. पण हे मोबाइलवर अंगठ्याने लिहिण्यासारखं नव्हतं. आज सगळे दुपारचे झोपलेत, म्हणून मागच्या दारी चहा घेऊन बसलोय आणि सरळ पत्रच लिहितोय. शेवटी तुझ्याशी संबंधित एक गंभीर प्रकरण आहे. ते वाचायला शेवटच्या पानावर उडी मारू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

आई-बाबा फेब्रुवारीत आले. दोन महिने त्यांनी आमची गल्ली बघितली. कुणाचे स्प्रिंकलर पहाटे किती वेळ चालतात, कुणाचं पाणी रस्त्यावर वाहून जातं, याची बाबांनी अगदी वहीत नोंद केली. पाटबंधाऱ्यातून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी माणूस अजून कालव्याच्या पाण्याच्या पाळीपत्रकावरच आहे. शेवटी माधवी म्हणाली, यांना कुठेतरी घेऊन जा, नाहीतर हे एक दिवस शेजाऱ्याला नोटीस काढतील. मग पाच दिवसांची सुट्टी टाकली, आमची जुनी मिनीव्हॅन झाडूनपुसून घेतली आणि निघालो. आधी उत्तरेला पेज, तिथून मॉन्युमेंट व्हॅली, आणि येताना ग्रँड कॅन्यन. युटामधलं झायन आणि ब्राइस बाबांच्या गुडघ्यांमुळे वगळलं. (आईचं सामान वेगळंच: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि एक छोटा कुकर. 'तिथे वाळवंटात काय मिळणार आहे?')

फ्लॅगस्टाफपर्यंत पाइनची दाट झाडी आणि बऱ्यापैकी थंडी. तिथून हायवे ८९ ने खाली उतरायला लागलो की झाडं हळूहळू खुजी होतात आणि मग संपतातच. उरते ती लाल, करडी, मध्येच जांभळट माती, आणि तिच्यात नाकासमोर गेलेला रस्ता. आई तासभर खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, 'इथे कुणी गोवऱ्यासुद्धा थापलेल्या दिसत नाहीत रे.' ओसाडपणाचं इतकं नेमकं माप मी अजून ऐकलेलं नाही.

पेजला पोचल्यावर इराला हॉर्सशू बेंड बघायचं होतं. कोलोरॅडो नदी तिथे हजार फूट खाली घोड्याच्या नालेसारखी वळते. कठडा आहे, गर्दी आहे, फोटो छान येतात. झालं. बाबांचा जीव अडकला होता तो चार-पाच मैलांवरच्या ग्लेन कॅन्यन धरणात. पुलावर उभं राहून त्यांनी खाली बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'उंची?' मी फोनवर बघून सांगितलं, ७१० फूट. 'म्हणजे कोयनेच्या दुप्पट,' ते म्हणाले, आणि थोडं थांबून, 'दुपटीहून थोडं जास्तच. पण हे कमानीचं आहे, आपलं वजनावर उभं आहे.' म्हणजे कोयना हरलेली नाही, हे आम्ही लक्षात घ्यायचं.

मागच्या जलाशयाच्या कडांवर लाल खडकाला पांढरा पट्टा पडलाय, बादलीत पाण्यातल्या क्षाराचा पडतो तसा. पाणी पूर्वी तिथपर्यंत असायचं. १९६३ मध्ये दरवाजे बंद केले आणि लेक पॉवेल पूर्ण भरायला १९८० उजाडलं. या नदीचं पाणी सात राज्यांनी १९२२ सालीच वाटून घेतलंय. गंमत अशी, की ज्या वर्षांच्या मोजमापावर करार बेतला ती नेमकी चांगल्या पावसाची होती, म्हणजे नदीत नाही तेवढं पाणी कागदावर वाटलं गेलं. हे मी बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. 'बघ! इथेही बच्छावत बसवायला हवा होता.' कृष्णेच्या लवादाचे आकडे, महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८०० टीएमसी, हे त्यांनी त्या पुलावर इराला पाठ म्हणून दाखवले. तिने एअरपॉड काढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोअर अँटिलोप कॅन्यन. विन्या, हे तू बघायला हवं होतंस. वरून काहीच कळत नाही. सपाट वालुकाश्म आणि त्यात एक चीर, आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या रानाला पडते तशी, जरा मोठी इतकंच. त्या चिरेत लोखंडी जिने सोडलेत, अगदी उभे. जागा नवाहो या इथल्या मूळ रहिवासी लोकांची आहे, त्यांच्या वाटाड्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. आमच्याबरोबर विशीतली एक मुलगी होती. बाबांचे गुडघे बघून ती म्हणाली, आजोबांना वर थांबू दे. बाबांना इंग्रजी चांगलं कळतं, पण अशा वेळी कळत नाही. ते जिन्याला पाठमोरे झाले आणि विहिरीत उतरावं तसे एकेक पायरी चाचपत खाली गेले.

आत गारवा. भिंती दोन्ही बाजूंनी इतक्या जवळ, की काही ठिकाणी खांदा तिरका करावा लागतो. त्या भिंतींवर बारीक समांतर रेघा आहेत, तव्यावरच्या घावनाला असतात तितक्या पातळ, आणि त्या सरळ जात नाहीत, वळतात, वर चढतात, पुन्हा खाली येतात. ऊन वर कुठेतरी एका भिंतीवर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून खाली. आपल्यापर्यंत येईस्तोवर त्याचा रंग पिकल्या हापूसच्या सालीसारखा झालेला असतो. मध्येच वरून वाळूची एक बारीक धार सुटते, चाळणीतून पीठ गळावं तशी, आणि आपोआप थांबते. सगळे फोन वर करून फिरत होते. बाबा मात्र एकाच ठिकाणी मान वर करून उभे. त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर दोन भिंतींच्या मध्ये झाडाचं एक वाळकं खोड आडवं अडकलं होतं.

'विचार तिला, पाणलोट केवढा आहे?'

मी विचारलं. तिने नुसता हात दक्षिणेकडे लांब केला आणि मग आमच्या घोळक्याला थांबवून सांगितलं. १२ ऑगस्ट १९९७. या चिरेत प्रवासी होते. पाऊस कितीतरी मैल लांब, वरच्या अंगाला पडला होता. लोंढा आला आणि अकरा जण गेले. तेव्हा इथे लाकडी शिड्या होत्या, त्याही वाहून गेल्या. आताचे लोखंडी जिने खडकात बोल्ट ठोकून बसवलेत, आणि वेळ आलीच तर वरून सोडायला दोरांची जाळी ठेवलेली असते.

तुला आठवलंच असेल. आपण हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत अडकलो ते ऑक्टोबर १९९६ मध्ये, म्हणजे याच्या दहा महिने आधी. बेलपाड्यात लख्ख ऊन होतं. तू म्हणालास, वर ढग दिसतायत पण ते पलीकडे आहेत. पलीकडेच होते. पाऊस गडाच्या माथ्यावर पडला आणि पाणी नळीत आलं. आधी तो आवाज, मग धोंड्यांखालून फुटलेलं गढूळ पाणी, आणि त्या दोन हात रुंद कपारीत काढलेली रात्र. तू रात्रभर रामरक्षा म्हणत होतास आणि 'शिरो मे राघवः पातु'च्या पुढे तुला येत नव्हतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या चिरेत उभं असताना माझ्या तळव्यांना घाम सुटला. मी बाबांकडे बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, एवढं मात्र समजलं.

पेजहून मॉन्युमेंट व्हॅली दोन तासांवर, पण इथे घड्याळाची वेगळीच भानगड आहे. उन्हाळ्यात जवळजवळ सगळी अमेरिका घड्याळ तासभर पुढे करते, ॲरिझोना करत नाही. ॲरिझोनातला नवाहो मुलूख करतो. त्या मुलखाच्या पोटात होपी लोकांचा मुलूख आहे, तो पुन्हा करत नाही. आई म्हणाली, मेदुवड्यासारखं आहे की हे! आमचे फोन रस्ताभर पुढे-मागे उड्या मारत होते. बाबांचं एचएमटी भारताच्या वेळेवरच असतं, ते साडेबारा तास मनात वजा करतात. इथे साडेअकरा करायला हवे होते, पण ते म्हणाले, 'माझं घड्याळ बरोबर आहे, तुमच्या राज्यात गोंधळ आहे.' या सगळ्यात आम्ही तासभर उशिरा पोचलो.

तिथे सपाट माळावर लाल सुळके आणि कातळ उभे आहेत, प्रत्येक एकटा, शेजाऱ्याशी बोलणं बंद असल्यासारखा. त्यांच्यामधून १७ मैलांचा कच्चा रस्ता फिरतो. आपल्याकडे अशा सुळक्याच्या पायथ्याला एक मारुती आणि एक चहावाला असतोच. इथे एका टपरीत एक नवाहो बाई फ्रायब्रेड तळत होती. आई तिच्या कढईशेजारीच जाऊन उभी राहिली. पिठाचा गोळा हातावर थापून मोठा करायचा आणि कडकडीत तेलात सोडायचा, भटुऱ्याच्या जवळचा प्रकार. आईने त्यावर शेंगदाण्याची चटणी घातली आणि बाईलाही दिली. तिने एक घास खाल्ला, मोठ्याने हसली आणि बरंच पाणी प्यायली. या पदार्थामागची गोष्ट मी आईला नंतर गाडीत सांगितली. १८६४ मध्ये अमेरिकी लष्कराने या लोकांना घरंदारं जाळून शेकडो मैल पायी हाकलत नेलं आणि छावणीत डांबलं. शिधा म्हणून मैदा आणि चरबी हातावर ठेवली, त्यातून हे झालं. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या मुलखात परत येऊ शकले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'अजून दोन आणायला हवे होते.'

पुढे चूक माझी. उजेड जायच्या आत फोटो काढायचा म्हणून मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि पुढची दोन्ही चाकं वाळूत बसली. एक्सलेटर दाबला की आणखी खाली. अर्ध्या तासाने एक म्हातारा नवाहो पिकअप घेऊन आला. उतरला, चाकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मागून दोर काढला. जाडजूड, पांढरा, नायलॉनचा. त्याने गाठ मारली. बाबा वाकून बसले, त्या गाठीवरून बोट फिरवलं आणि त्याच्याकडे बघून मान डोलावली. त्यानेही डोलावली. मला दोघांनीही विचारात घेतलं नाही. गाडी निघाली, त्याने वीस डॉलर घेतले, दोर गुंडाळला आणि गेला. बाबा मात्र पिकअपच्या धुळीकडे बघत उभे राहिले.

ग्रँड कॅन्यनबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथे शब्दांचं काही चालत नाही आणि फोटो मी पाठवलेच आहेत. दरी २७७ मैल लांब, खोली सुमारे एक मैल. कोकणकड्यावर आपण पालथे पडून खाली बघायचो, तिथे पलीकडे काही नसतं, नुसतं कोकण. इथे पलीकडेही कडा आहे, आणि मध्ये डोंगरांची एक अख्खी रांग दरीत बुडालेली. त्यातल्या एका शिखराचं नाव विष्णू टेम्पल, आणखी दोन ब्रह्मा आणि शिव. डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० च्या सुमारास ही पूर्वेकडची नावं द्यायला सुरुवात केली. आईने हात जोडले आणि विचारलं, 'तिथे पूजेला कोण जातं?' तळाचा काळा खडक १७० कोटी वर्षांचा, आपल्या सह्याद्रीचा ६.६ कोटी. 'म्हणजे आपण बालवाडीत,' बाबा म्हणाले. पण नदीने ही दरी कोरली ती गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत, असं बहुतेक लोक मानतात. हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं.

आता प्रकरण. संध्याकाळी कठड्याजवळच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. थंडी वाजत होती, त्यांनी मफलर कानावरून घेतला होता. ऊन समोरच्या कड्यावरून वर वर सरकत होतं. एकदम म्हणाले,

'त्या दिवशी नळीत पाणी किती वर आलं होतं?'

विन्या, एकोणतीस वर्षं होत आली. मी म्हटलं, कुठली नळी? तर म्हणाले, 'तुम्ही विन्याच्या मामाकडे अकोल्याला होतात ना? तो मामा त्याच शनिवारी माझ्या टेबलासमोर बसला होता. सात नंबरचा फॉर्म घेऊन. रब्बीच्या पाण्यासाठी.'

म्हणजे आपण ज्याच्याकडे पुरणपोळी खाल्ल्याचं सांगितलं, त्याला बाबांनी त्याच दुपारी स्वतः चहा पाजला होता. आणि रविवारी रात्री मी घरी येऊन 'पुरण जरा गोड होतं' असं सांगत असताना हा माणूस समोर बसून ताक पीत होता!

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

'बोललो असतो तर मारावं लागलं असतं,' ते म्हणाले. 'आणि तू आधीच पायाला लागलेलं लपवत होतास.'

मग बराच वेळ गप्प. मला वाटलं, विषय संपला. पण बाबांचा विषय असा संपत नाही. म्हणाले, आपण नळीत नेलेला दोर ऑफिसचा होता. वीस मीटर, डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवलेला. तपासणीत सापडला नाही, म्हणून किंमत त्यांच्या पगारातून कापली. पैशाचं काही नाही, पण रजिस्टरात त्यांच्या नावापुढे तांबड्या शाईत शेरा पडला. बत्तीस वर्षांच्या नोकरीतला एकुलता एक. आणि सरळ विचारलं, 'दोराचं काय केलंत?'

आता मला आठवतं ते असं, की सकाळी पाणी ओसरल्यावर आपण दोर सोडवला, तू तो खांद्यावर घेतलास आणि मोरोशीच्या फाट्यापर्यंत तो तुझ्याकडेच होता. पुढचं मला आठवत नाही. म्हणून मी तुझं नाव सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही.

तेव्हा दोराचं काय झालं ते आधी मला कळव, म्हणजे आपलं दोघांचं एकच राहील. बाबा १२ जूनला मुंबईला उतरतायत आणि १५ ला नाशिकला आत्याकडे येणार आहेत. तुझा पत्ता त्यांनी वहीत लिहून घेतलाय, स्प्रिंकलरच्या यादीखाली.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
संज्या

ता. क. मामा अजून अकोल्यालाच असतात का? बाबा विचारत होते.